एकच चेहरा, हजारो तिकिटं: मेचिन मालिका कशी बघावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडला राहणाऱ्या मावशींनी बऱ्याच वर्षांत जमवलेली टपाल तिकिटं एका खोक्यात घालून पाठवली आहेत. त्यात चित्रांची थोडी आणि राणी एलिझाबेथच्या नुसत्या डोक्याची ढीगभर. रंग वेगवेगळे, बाकी सगळी सारखीच. ही ठेवायची की ओळखीच्या मुलांना वाटून टाकायची? आणि जाता जाता दुसरा प्रश्न: आधुनिक काळातली संग्राहकांची सर्वांत लाडकी मालिका कोणती?

दोन्हींचं उत्तर तुमच्या त्या खोक्यातच आहे. राणीच्या डोक्याची जी तिकिटं तुम्हाला एकसारखी वाटताहेत, तीच ही मालिका. तिला ‘मेचिन’ म्हणतात. लाडक्या मालिकांच्या बाबतीत प्रत्येकाची आवड वेगळी असणारच. कुणाला पक्षी हवे असतात, कुणाला आगगाड्या. पण एकाच मालिकेवर आयुष्यभर काम करणारे संग्राहक, तिच्यासाठी खास मंडळं, जाडजूड तपशीलवार कॅटलॉग आणि पन्नास वर्षांनंतरही नवे प्रकार सापडल्याच्या बातम्या, हे सगळं एकत्र बघायचं तर आधुनिक काळात मेचिनच्या जवळपास पोचणारी मालिका मला तरी दिसत नाही. तेव्हा एकही तिकीट वाटू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

आधी या माणसाबद्दल. अर्नोल्ड मेचिन हा शिल्पकार, जन्म १९११ चा, स्टोक-ऑन-ट्रेंटचा. हे गाव म्हणजे इंग्लंडच्या चिनी मातीच्या भांड्यांचं माहेरघर. मेचिन तिथल्या मिंटन कारखान्यात भांड्यांवर नक्षी रंगवायला शिकला, पुढे वेजवुड या भांड्यांच्या नामांकित कारखान्यासाठी मूर्ती आणि नमुने घडवले. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हातात घेणार नाही या भूमिकेवर ठाम राहिला म्हणून तुरुंगातही गेला. याच माणसाने १९६० च्या दशकात आधी ब्रिटिश नाण्यांवरचं आणि नंतर तिकिटांवरचं राणीचं डोकं घडवलं. ‘घडवलं’ हा शब्द जपून वापरतोय, कारण हे चित्र नाहीच. मेचिनने प्लॅस्टरमध्ये उठावाचं शिल्प केलं, त्यावर नीट प्रकाश टाकून त्याचं छायाचित्र घेतलं आणि ते छायाचित्र तिकिटावर आलं. गालाच्या कडेची सावली, मुकुटाखालून निघालेल्या केसांचे वळसे भिंगाखाली पाहा. रेषेने काढलेल्या चेहऱ्यात अशी गोलाई येत नाही.

डोळ्यांसमोर आदर्श होता तो १८४० च्या पेनी ब्लॅकचा, म्हणजे जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाचा. गडद पार्श्वभूमी, बाजूने दिसणारं राणीचं डोकं, कमीत कमी मजकूर. देशाचं नाव नाही, कारण तिकीट काढणारा पहिला देश म्हणून ब्रिटनने ते कधी छापलंच नाही. राजा किंवा राणीचं डोकं हीच त्यांची ओळख. मेचिनने कोपऱ्यातली फुलं, चौकटी, ‘पोस्टेज’ हा शब्द सगळं काढून टाकलं. उरलं फक्त डोकं आणि किंमत.

पहिली तीन तिकिटं ५ जून १९६७ रोजी आली: ४ पेन्स, १ शिलिंग, आणि १ शिलिंग ९ पेन्स. राणी तेव्हा ४१ वर्षांची होती. तिच्या निधनाच्या वर्षी, २०२२ मध्ये छापलेल्या तिकिटांवरही तोच चेहरा आहे, आणि तेव्हा ती ९६ वर्षांची होती. एवढ्या काळात छापलेल्या तिकिटांची एकूण संख्या २०० अब्जांच्या वर धरली जाते. चेहरा बदलला नाही, मात्र त्याच्या भोवतालचं जवळजवळ सगळं बदललं: चलन, दर, कागद, डिंक, शाई, छापखाने, छपाईच्या पद्धती, कडेची छिद्रं, यंत्रांसाठीच्या खुणा. चेहरा स्थिर असल्यामुळे बाकीचे बदल नजरेत भरतात, आणि संग्राहकांना या मालिकेचा लळा लागतो तो त्यामुळेच. स्मारक तिकिटात नजर चित्रावर जाते आणि तिथेच थांबते. मेचिनमध्ये चित्र दोन मिनिटांत पाठ होतं, मग नजर कागदावर आणि छपाईवर जायला लागते.

आता तुमच्या खोक्याकडे वळू. पहिली वाटणी सोपी आहे. किमतीपुढे ‘डी’ असेल तर ते तिकीट दशमान चलनाच्या आधीचं, ‘पी’ असेल तर नंतरचं. जुन्या पौंडाचे २० शिलिंग आणि २४० पेन्स व्हायचे. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने १०० पेन्सचा पौंड केला आणि त्याच दिवशी मेचिनची नवी तिकिटं आली. आपल्याकडे आणे जाऊन नये पैसे आले ते १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे आपण या बाबतीत जवळजवळ चौदा वर्षं पुढे होतो. भारताच्या नकाशाची ती नये पैशांची तिकिटं जुन्या संग्राहकांना चांगली आठवत असतील. ‘डी’ची मेचिन तुमच्याकडे थोडीच निघतील. ती वेगळ्या पानावर ठेवा आणि ‘पी’कडे या, खरी मौज तिथे आहे.

ती मौज समजायची तर फॉस्फर समजायला हवा. ब्रिटनमध्ये १९६८ च्या सप्टेंबरपासून पत्रांचे दोन वर्ग झाले, पहिला जलद आणि दुसरा सावकाश जाणारा. यंत्राला दोन गोष्टी कळायला हव्यात: पाकिटावर तिकीट कुठे आहे आणि पत्र कोणत्या वर्गाचं आहे. त्यासाठी तिकिटावर फॉस्फरचे उभे पट्टे छापतात. पहिल्या वर्गाच्या तिकिटाला दोन्ही कडांना एकेक, दुसऱ्या वर्गाला फक्त एक, बहुतेक वेळा मधोमध. अतिनील प्रकाश पडला की पट्टा चमकतो आणि यंत्र ती चमक वाचतं. साध्या डोळ्यांना हे दिसत नाही असं पुष्कळजण धरून चालतात, पण न वापरलेलं तिकीट खिडकीशी तिरकं धरलं तर पट्टा असलेल्या जागेची चकाकी वेगळी दिसते. दिवा विकत घेण्याआधी हा सराव करा. दहापैकी सात-आठ तिकिटांचे पट्टे नुसत्या तिरक्या उजेडात ओळखता येतात.

आता २½ पेन्सची गुलाबी-जांभळट तिकिटं वेगळी काढा, तुमच्याकडे ती नक्की असणार. फेब्रुवारी १९७१ मध्ये दुसऱ्या वर्गाचं पत्र २½ पेन्सला जायचं, म्हणून या तिकिटावर मधोमध एकच पट्टा. हाच रंग, हीच किंमत, पण पट्टा मध्ये नसून एका कडेला आहे असंही तिकीट मिळतं. ते पुस्तिकेतलं, म्हणजे टपालखातं विकतं त्या तिकिटांच्या छोट्या वहीतलं. पुस्तिकेच्या पानावर वेगवेगळ्या किमतींची तिकिटं शेजारी शेजारी असायची आणि पट्टे त्या हिशेबाने ओढलेले असायचे, त्यामुळे एकाच्या वाट्याला फक्त कडेचा पट्टा आला. तिसरा प्रकार दोन पट्ट्यांचा, तो १९७५ मध्ये आला. २½ पेन्सच्या तिकिटाला अचानक पहिल्या वर्गाचे दोन पट्टे कशाला? कारण तोपर्यंत महागाईने टपालाचे दर इतके वर नेले होते की २½ पेन्समध्ये कोणतंच पत्र जात नव्हतं. ते तिकीट नुसतं भरीला लावायचं झालं, आणि भरीच्या तिकिटांना दोन पट्टे देत.

३ पेन्सच्या निळ्या तिकिटाची कथा तर अजून बोलकी आहे. १९७१ मध्ये ३ पेन्स हा पहिल्या वर्गाचा दर, म्हणून दोन पट्टे. १० सप्टेंबर १९७३ ला दर वाढले, पहिला वर्ग ३½ आणि दुसरा ३ झाला, आणि त्याच दिवशी ३ पेन्सचं तिकीट मधल्या एका पट्ट्यासह आलं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा दरवाढ. आता ३½ पेन्स दुसऱ्या वर्गात ढकललं गेलं आणि त्याच्याही दोन पट्ट्यांचा एक पट्टा झाला. १९७५ च्या सप्टेंबरात पहिल्या वर्गाचा दर ८½ पेन्सवर गेला होता. पाच वर्षांच्या आत ३ वरून ८½! सत्तरच्या दशकातली ब्रिटनची महागाई अर्थशास्त्राच्या पुस्तकात आकड्यांनी कळते; इथे ती एकेका तिकिटाची पायरी उतरताना दिसते. माझ्या मते मेचिनच्या संग्रहात ही चार-सहा तिकिटं एका पानावर, खाली दराची तारीख लिहून लावली, तर ते पान महागड्या दुर्मिळ तिकिटापेक्षा जास्त वेळ बघितलं जातं. अशी पानं बनवा. तिकिटांना खर्च जवळपास शून्य आहे.

पुस्तिकांचा विषय निघालाच आहे तर वेजवुडची पुस्तिका सांगायलाच हवी. १९७२ च्या मे महिन्यात ब्रिटिश पोस्टाने एक पौंडाची खास पुस्तिका काढली, तिच्यात वेजवुड कारखान्याचा इतिहास आणि मध्ये तिकिटांची पानं. ज्या कारखान्यासाठी मेचिनने काम केलं, त्याच्याच गोष्टीत त्याने घडवलेलं राणीचं डोकं. या पुस्तिकेत ½ पेन्सचं आकाशी निळं तिकीट असं आहे की ज्याला फक्त डाव्या कडेला फॉस्फरचा पट्टा आहे. ½ पेन्स म्हणजे सगळ्यात हलकी किंमत, एरवी ते तिकीट दोन पट्ट्यांचं आणि अगदी मातीमोल. डाव्या पट्ट्याचं मात्र याच पुस्तिकेत मिळतं. लोकांनी पुस्तिका फाडून तिकिटं पत्रांना लावली, ½ पेन्सच्या तिकिटाकडे कोण बघतो? म्हणून साध्या दशमान मेचिनमधलं हे सर्वांत मागणी असलेलं तिकीट झालं. तुमच्या खोक्यात ते असेलच असं मी म्हणत नाही, पण ½ पेन्सचं प्रत्येक तिकीट तिरक्या उजेडात धरून बघा. बघायला पैसे पडत नाहीत. आणि कुणी विकायला आणलं तर दिव्याखाली पाहिल्याशिवाय घेऊ नका. उजव्या कडेचा पट्टा खोडून ‘डाव्या पट्ट्याचं’ म्हणून खपवणं अवघड नाही.

दिव्याबद्दल लगेच सांगून टाकतो. अतिनील दिवे दोन प्रकारचे. लांब लहरींचा, जो नोटा तपासायला दुकानात असतो, तो स्वस्त आणि सहज मिळणारा. त्याने कागदाची चमक कळते: १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चमकणारा लेप दिलेला कागद वापरात आला, त्याआधीचा कागद याखाली मंद दिसतो. १९९० नंतरच्या बऱ्याच फॉस्फर पट्ट्यांत चमकणारा घटक घातलेला आहे, तेही या दिव्याने दिसतात. पण जुन्या पट्ट्यांसाठी आखूड लहरींचा दिवा लागतो. तो डोळ्यांना घातक आहे. चष्मा लावा, थेट बघू नका, मुलांच्या हाती देऊ नका. सुरुवातीला साधा दिवा पुरतो.

मागची बाजूही बघायची असते. पैठणी घेताना जाणती बाई पदर उलटून विणकाम बघते, तसं न वापरलेलं मेचिन आधी उलटून बघावं. पहिल्या वर्षाच्या तिकिटांना नेहमीचा चकचकीत बाभळीचा डिंक. १९६८ पासून मंद, जवळजवळ न दिसणारा कृत्रिम डिंक आला. तिकीट डिंकाशिवायच आहे की काय असं वाटतं. १९७३ पासून त्यात डेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेला चिकट पदार्थ) मिसळलं आणि ओळखू यावा म्हणून हिरवट-निळसर छटा दिली. एकच किंमत, एकच रंग, एकच पट्टा, पण डिंक वेगळा म्हणजे प्रकार वेगळा. धुतलेल्या, वापरलेल्या तिकिटांत अर्थात हा भेद उरत नाही.

छपाईचं लांबवत नाही, पण एक कसोटी सांगतो. मेचिनची छपाई मुख्यतः फोटोग्राव्ह्यूरची, म्हणजे खळग्यांत शाई भरून केलेली, सुरुवातीला हॅरिसन कंपनीची. १९८० च्या आसपास वॉडिंग्टन आणि क्वेस्टा या छापखान्यांनी काही किमती लिथोग्राफीने, म्हणजे सपाट पत्र्यावरून छापल्या: ४ पेन्स, ५ पेन्स, २० पेन्स, ७५ पेन्स. दहापट भिंगाखाली किमतीच्या आकड्याची कड बघा. ग्राव्ह्यूरमध्ये ती बारीक दातेरी, कारण शाई लहान लहान खळग्यांतून येते. लिथोमध्ये आकड्याची कड सरळ आणि चेहऱ्यावर ठिपक्यांची जाळी. २० पेन्सची पाच-सहा तिकिटं शेजारी ठेवलीत की अर्ध्या तासात हात बसेल. आकड्यांची जाडी-रुंदीही बदलते. २६ पेन्सच्या तिकिटात रुंद आकडे आणि अरुंद आकडे असे दोन प्रकार ठरलेले आहेत, अरुंदवालं पुस्तिकांतलं.

मोठ्या किमतींत मात्र एक तिकीट असं आहे की त्यासाठी मी थांबतोच. १९९९ च्या मार्चमध्ये १.५०, २, ३ आणि ५ पौंडांची छोट्या आकाराची मेचिन आली, कोरीव ठशावरून छापलेली. कोरक होता चेस्वाव स्वानिया, मूळचा पोलंडचा, स्वीडनच्या दरबाराचा कोरक, हजारावर तिकिटं कोरलेला माणूस. मेचिनचं शिल्प म्हणजे छाया-प्रकाश, त्यात रेघ नाही. स्वानियाने तीच गोलाई निव्वळ रेघा आणि ठिपक्यांनी उभी केली. बोट अलगद फिरवलं तर शाईचा उंचवटा जाणवतो. मावशींच्या ढिगात पार्सलांवरून काढलेली तिकिटं असतील तर हे शोधा.

बाकीचं भराभर. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड आणि आयल ऑफ मॅन यांची तिकिटं ७ जुलै १९७१ पासून. डोकं तेच, कोपऱ्यात सिंह, ड्रॅगन, हाताचा पंजा किंवा तीन पाय. ही चिन्हं जेफ्री मॅथ्यूज यांची, आणि मेचिनच्या कितीतरी रंगछटाही त्यांनीच ठरवलेल्या. पेनी ब्लॅकला १५० वर्षं झाली तेव्हा १९९० मध्ये व्हिक्टोरिया आणि एलिझाबेथ अशी दोन डोकी एकामागे एक असलेली तिकिटं निघाली, त्यांचेही आरेखक मॅथ्यूजच. १९९३ पासून दोन्ही उभ्या कडांवर एक लंबगोल छिद्र दिसतं. बनावट तिकिटांना आळा बसावा म्हणून ते घातलं. त्यामुळे तुम्हालाही फायदा: लंबगोल छिद्र असेल तर तिकीट १९९३ किंवा नंतरचं, वाटणी झाली.

२२ ऑगस्ट १९८९ पासून किमतीऐवजी नुसतं ‘फर्स्ट’ आणि ‘सेकंड’चं चिन्ह असलेली तिकिटं आली. दर कितीही वाढो, तिकीट चालायचंच. संग्राहकांपैकी काहींना हे आवडलं नाही, कारण दरांचा तो जिवंत इतिहास तिकिटावरून नाहीसा झाला. मलाही जुनी आकड्यांची तिकिटंच जास्त भावतात. तरी पहिल्या वर्गाच्या तिकिटाचे रंग लावून बघण्यासारखे आहेत: आधी काळपट तपकिरी, मग १९९० पासून नारिंगी-लाल, १९९७ मध्ये राणीच्या लग्नाच्या पन्नाशीला सोनेरी, २००० मध्ये नव्या सहस्रकासाठी पिवळट-तपकिरी, २०१२ च्या हीरक महोत्सवाला करडा-निळा, २०१५ मध्ये व्हिक्टोरियापेक्षा जास्त काळ राज्य केल्याबद्दल जांभळा. सहा-सात तिकिटांत अख्ख्या कारकिर्दीची दुसरी बाजू मांडता येते.

२००९ नंतरच्या तिकिटांपाशी पुन्हा थांबायला हवं, कारण तुमच्या खोक्यात तीच सर्वाधिक असण्याची शक्यता आहे आणि नवखे लोक नेमकी तीच ‘अलीकडची, काही किमतीची नाहीत’ म्हणून टाकून देतात. फेब्रुवारी २००९ पासून चिकट पाठीच्या तिकिटांवर इंग्रजी यू आकाराचे काप घातले, म्हणजे वापरलेलं तिकीट सोलून परत लावता येऊ नये. शिवाय चेहऱ्यावर आणि पार्श्वभूमीवर मोरपिशी चमकणाऱ्या शाईत ‘रॉयल मेल’ (ब्रिटिश टपालसेवेचं नाव) हे शब्द लाटांसारखे पुन्हा पुन्हा छापले. तिकीट हलवा, ते दिसतील. आता त्यातला ‘मेल’ शब्द उजव्या-डाव्या बाजूला भिंगाने वाचा. सगळीकडे एम-ए-आय-एल आहे, पण एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं आढळेल. ‘ए’च्या जागी ‘टी’ असेल तर ते बारा तिकिटांच्या पुस्तिकेतलं, ट्वेल्व्हचा टी. ‘एस’ सहाच्या, ‘एफ’ चारच्या पुस्तिकेचा (तो मात्र ‘रॉयल’ शब्दात शोधा), ‘बी’ धंद्याच्या वापराच्या मोठ्या शीटचा, ‘आर’ गुंडाळीचा. अक्षर बदललेलं नाही तर बहुधा काउंटरवर विकलेल्या शीटमधलं. २०१० पासून याच शब्दात वर्षाचे दोन आकडेही घुसवले. म्हणजे बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन लाल तिकिटांपैकी एक २०११ चं पुस्तिकेतलं आणि दुसरं २०१४ चं शीटमधलं असू शकतं, आणि ते दोन्ही वेगळे प्रकार आहेत.

अक्षर वाचायची युक्ती अशी: तिकीट सपाट ठेवून दिव्याचा उजेड एका बाजूने कमी उंचीवरून पाडा आणि तिकीट हळूहळू फिरवत राहा. एका विशिष्ट कोनात शाई उजळते आणि अक्षर झटकन वाचता येतं. वरून दिलेल्या पांढऱ्या झगझगीत प्रकाशात कितीही वेळ बघत बसलात तरी दिसणार नाही. शिक्क्याची काळी शाई नेमकी त्या अक्षरावर आली असेल तर ते तिकीट बाजूला ठेवा, हट्ट करू नका.

यांना पाण्यात मात्र मुळीच टाकू नका. जुनी डिंकाची तिकिटं कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटांत सुटतात, टिपकागदावर पालथी वाळवली की झालं. रंगीत पाकिटाचा, विशेषतः लाल ख्रिसमस पाकिटाचा तुकडा असेल तर वेगळ्या भांड्यात, नाहीतर सगळा घाणा गुलाबी होतो. पण कापवाली चिकट तिकिटं पाण्याने सुटत नाहीत आणि ओढली की कापावर फाटतात. त्यांच्याभोवती पाकिटाचा कागद थोडा सोडून नीट चौकोनी कापा आणि तशीच ठेवा. कागदासकट ठेवणं हीच आता रूढ पद्धत आहे, त्यात कमीपणा नाही.

शेवटचा टप्पा बारकोडचा. १ फेब्रुवारी २०२२ ला जांभळट आणि गडद हिरव्या रंगाची रुंद मेचिन आली, शेजारी बारकोड असलेली, आणि प्रत्येक तिकिटाचा बारकोड वेगळा. तिकीट आणि बारकोड यांच्यामध्ये छिद्रांसारखी दिसणारी रेघ आहे, पण तिथून तोडायचं नाही. बारकोडशिवाय ते तिकीट अपुरं. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला राणी गेली आणि ४ एप्रिल २०२३ ला राजा चार्ल्सची तिकिटं सुरू झाली, मार्टिन जेनिंग्ज यांनी नाण्यासाठी घडवलेल्या चेहऱ्यावरून. बारकोड नसलेली जुनी नित्य वापराची तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर पत्राला चालेनाशी झाली. तुमच्या खोक्यात न वापरलेली अशी तिकिटं असतील तर मावशींना सांगा, रॉयल मेल ती बदलून बारकोडवाली देतं. पण बदलायला पाठवण्याआधी अक्षरं आणि पट्टे बघून घ्या, एकेक प्रकारचं एक आपल्याकडे ठेवा. चित्रांच्या स्मारक तिकिटांना हा नियम लागू नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. वापरलेल्या मेचिनच्या ढिगाला वजनावर भाव मिळतो आणि तो कमी असतो. गुंतवणूक म्हणून याकडे बघू नका. फॉस्फर गायब झालेली, किंमत छापायची राहिलेली तिकिटं खरोखर मोलाची असतात, पण ‘रंग गायब’ म्हणून इंटरनेटवर येणाऱ्या बऱ्याच तिकिटांचा रंग उन्हाने किंवा रसायनाने उडवलेला असतो. तज्ज्ञ समितीचा दाखला नसेल तर मोठी रक्कम देऊ नका. २००९ नंतरची बनावट तिकिटंही पुष्कळ आहेत, टपालखात्यालाच फसवण्यासाठी छापलेली. मोरपिशी शाई ओबडधोबड किंवा मुळातच नाही, लंबगोल छिद्राचा आकार बिघडलेला, अशी ती ओळखू येतात. काही संग्राहक तीही वेगळ्या पानावर जपतात आणि मला ते पटतं, फक्त खाली ‘बनावट’ असं स्पष्ट लिहा.

आपल्या हवेत न वापरलेल्या तिकिटांची काळजी वेगळी घ्यावी लागते. मुंबई, कोकण, गोवा, कुठेही पावसाळ्यात डिंक ओल धरतो, तिकीट पानाला चिकटतं, कागदावर तांबूस डाग पडतात. स्टॉक बुक, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायच्या वह्या, आडवी रचू नका, उभी ठेवा, दाबून कोंबू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पानं उलटून वारा द्या. प्लॅस्टिकच्या स्वस्त फोटो अल्बमात तिकिटं कधीही घालू नका, त्याच्या वाफेने रंग आणि फॉस्फर दोन्ही बिघडतात.

कुणी म्हणेल, राणीच्या तिकिटांचं एवढं कौतुक कशाला, आपलं काय कमी आहे? काहीच कमी नाही. १५ ऑगस्ट १९४९ ची आपली पुरातत्त्व मालिका, जिच्यात अजिंठ्याचा हत्ती आणि घारापुरीची त्रिमूर्ती आहे, ती माझ्या नजरेत जगातल्या देखण्या मालिकांपैकी आहे. अलीकडच्या नित्य वापराच्या मालिकांत छत्रपती शिवाजी महाराज आहेत, डॉ. आंबेडकर आहेत, पंडित भीमसेन जोशी आहेत, आणि ही तिकिटं नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसशी जोडलेली आहेत. १९७० च्या दशकातल्या आपल्या नित्य तिकिटांत जलचिन्हांचे भेद आहेत. पण ते बघायला डोळा तयार असावा लागतो, आणि डोळा तयार करायला मेचिनइतकी स्वस्त, मुबलक आणि नीट नोंदलेली मालिका दुसरी नाही. मेचिनवर हात बसलेला माणूस गांधीजींच्या पाच रुपयांच्या तिकिटाकडे परत वळतो तेव्हा त्याला तिथेही कागद, छटा आणि छिद्रांतले फरक दिसायला लागतात.

तुम्ही सुरुवात अशी करा. एक चपट्या टोकाचा चिमटा, दहापट भिंग, छिद्रं मोजायची पट्टी आणि काळ्या पानांचं एक स्टॉक बुक. कॅटलॉग लगेच विकत घेऊ नका. स्टॅनली गिबन्स या ब्रिटिश प्रकाशकाचा साधा कॅटलॉग तुमच्या गावातल्या फिलाटेलिक मंडळात कुणाकडे तरी असेल, तो चाळायला मागा. आधी सगळा ढीग किमतीप्रमाणे लावा, रंगाप्रमाणे नव्हे. मग एकेक किंमत घेऊन लंबगोल छिद्र आहे की नाही, पट्टे किती, आकडे कसे, एवढंच बघा. अडलं तर २½ पेन्स आणि ३ पेन्सची तिकिटं आधी पूर्ण करा, ती लावून झाली की बाकीच्यांचा क्रम आपोआप लागतो. ½ पेन्सची सगळी मात्र आजच बाजूला काढून ठेवा आणि उद्या सकाळी पूर्वेकडच्या खिडकीशी नेऊन एकेक तिरकं धरून बघा.